केबिनमधला बारा व्होल्टचा दिवा

आमच्या ट्रकला चोवीस व्होल्ट लागत. ते एका बॅटरीत मावत नसत, म्हणून केबिनच्या डाव्या अंगाला, पायरीमागच्या लोखंडी पेटीत, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी बसवलेल्या असत. एकीचं टोक दुसरीच्या टोकाला जाड पट्टीने जोडलेलं. पेटीचं झाकण उचललं की आधी वास यायचा, चिंचेच्या कोळात लोखंड भिजत घातल्यासारखा, आणि पाठोपाठ जिभेच्या मुळाशी धातूची चव उतरायची. इतक्या वर्षांनंतरही ती चव मला हवी तेव्हा आठवता येते. त्या दिवसांतलं बाकी पुष्कळसं येत नाही.

लग्न होऊन अंबडहून जालन्याला आले तेव्हा मला वृत्तांच्या मात्रा मोजता येत होत्या, ट्रकमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. जे कळलं ते नवऱ्याकडून. ट्रक त्यांचा स्वतःचा होता आणि ते स्वतःच चालवत. जालन्यातल्या एका शेठजींचं बियाणं गावोगाव पोचवायचं, हे त्यांचं मुख्य काम. दिवसाचा मोठा भाग केबिनमध्ये जात असल्यामुळे त्यांनी तिथे स्वतःपुरतं घर थाटलं होतं. गाणी ऐकायला टेप, उन्हाळ्यासाठी तळहाताएवढा पंखा, आणि समोरच्या काचेच्या वर देवीच्या तसबिरीपुढे एक लहानसा बल्ब. या तिन्ही वस्तू मोटारगाड्यांच्या बाजारातून आणलेल्या, म्हणजे बाराच्या. चोवीसवर लावल्या तर काय होईल, असं मी एकदा विचारलं होतं.

"क्षणभर चांदणं," ते म्हणाले, "मंग अंधार."

म्हणून ते दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार घेत. जिचं एक टोक ट्रकच्या लोखंडी बॉडीला जोडलेलं असे, तिच्यावरून.

"म्हणजे गाणी, वारा, दिवा, सगळं एकीनंच पुरवायचं?"

"हां. आन् गाडी सुरू झाली की चार्जिंग मात्र दोघींना बराबर. मंग एकीला उपास आन् दुसरीला अजीर्ण. एक वाळत जाती, दुसरीचं पाणी उकळून जातं. असंच चालू ठेवलं तर दोघीबी जातात."

यावर त्यांनी उपाय काढला होता. अमावास्येला आमचा ट्रक रस्त्यावर नसे. सकाळी तो धुवायचा, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा, आणि हे सगळं आटोपलं की दोन्ही बॅटऱ्या पेटीतून काढून त्यांच्या जागा बदलायच्या. महिनाभर जिने ओझं वाहिलं ती पलीकडे जाई आणि पलीकडची अलीकडे येई. वजनाने त्यांच्या मानेच्या शिरा फुगत. मी पाना धरून उभी राही. पेटीजवळ हात नेण्याआधी ते न चुकता म्हणत, "पाटल्या काढ." सोनं टोकांना टेकलं तर मनगट भाजेल, ही भीती. कोणती बॅटरी कोणती, याचा घोळ होऊ नये म्हणून मी एकीच्या झाकणावर माझ्या नखांच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता.

"सवत हाय ही तुझी," ते म्हणाले होते, "आन् तू तिला सजवून राह्यलीस."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात त्यांची एक अमावास्या रस्त्यावर गेली. शेठजींचा माल परभणीकडे अडला होता. अदलाबदल राहून गेली. ठिपक्याची बॅटरी बॉडीच्या बाजूला होती, ती तशीच आणखी एक महिना राबली. त्याच महिन्याच्या शेवटी, घरी परतताना, बदनापूर मागे टाकल्यावर त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि तिथेच, बसल्या जागी, ते गेले. हृदय बंद पडलं, एवढंच नंतर कळलं.

मागून त्यांचे उस्ताद येत होते. यांना ड्रायव्हिंग शिकवणारे ते म्हातारे ड्रायव्हर. त्यांनी उभा ट्रक ओळखला. त्यांनीच यांना एका जीपमधून घरी पाठवलं आणि संध्याकाळी ट्रक आमच्या अंगणात आणून लावला. केबिनमधून उतरताना ते एक पायरी चुकले. एवढं मला स्पष्ट दिसलं. त्या दिवसाचं जे दिसलं ते असं तुटक आहे, पाण्याखालून पाहिल्यासारखं, आवाजाशिवाय.

केबिनमधला बल्ब जळत होता. तो चावीवर नव्हता, थेट बॅटरीवर होता, त्यामुळे इंजिन बंद करूनही तो जळतच राहिला होता. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, अंगणातून तो पाहिला आणि त्या उभ्या राहिल्या.

आमच्याकडे जीव जिथे गेला तिथे दिवा ठेवतात. खाली पीठ पसरतात, दिवा तेराव्यापर्यंत विझू देत नाहीत. आत्याबाई पिठाची ताटली घेऊन, त्या वयात, केबिनची पायरी चढल्या. ताटली त्यांनी बल्बाच्या खाली, पुढच्या फळीवर ठेवली.

"ह्यो दिवा त्यानं लावल्ता," त्या म्हणाल्या. "ह्योच ऱ्हाईल. तेराव्यापर्यंत इझवायचा न्हाई."

"मावशी, तेलाचा लावू ना घरात," उस्ताद म्हणाले.

"घरात कशाला? जीव इथं गेला. इथंच लावते मंग तेलाचा."

"केबिनमधी जाळ न्हाई चालत. रेग्झीन हाय, डिझेलची फडकी हायेत."

"मंग ह्यो हाय त्योच बरा. आन् त्याच्या जागेवर तेरावं होईस्तोवर कुणी बसायचं न्हाई."

ठरलं ते असं. लोक येत होते, माझ्या पाठीवर हात ठेवत होते, मला तो हात पदरावर पडलेल्या वजनासारखा कळत होता, त्यापुढे काही कळत नव्हतं. पाण्याला चव नव्हती. भाताला वाफ होती, वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेठजी येऊन गेले. ते थोरल्या दिरांशी ओसरीत बोलले आणि आतल्या खोलीत मला सगळं ऐकू आलं. चौदाव्या दिवशी सकाळी गोदामात माल तयार असेल, ट्रक आला तर काम पूर्वीसारखंच चालू राहील, नाही आला तर सीझन थांबणार नाही, दुसरी गाडी लावावी लागेल. बोलणं मऊ होतं. शेठजी गेल्यावर दीर आत्याबाईंना म्हणाले, "मला इचाराल तर ट्रक इकून टाकू. गिऱ्हाईक हाय. तिला तिच्या बापाकडं अंबडला सोडू. इथं ठेवून काय करायचं?"

"आन् शेठचा माल?"

"उस्ताद चालवतो म्हणाले. ठीक हाय. चौदाव्याला गाडी निघाली तर ठेवू. न्हाई निघाली तर मी दुसऱ्या दिवशी सौदा करणार. तवा बिलकुल रडारड नको."

म्हणजे माझं जालन्यात राहणं न राहणं त्या एका सकाळवर आलं होतं. मला ते समजलं, जसं एखाद्या परक्या ओळीचा अन्वय लागावा तसं. दुःख झालं नाही, भीतीही वाटली नाही. फक्त अंबडचं घर डोळ्यांपुढे आलं. कोर्टाच्या मागची ती गल्ली, आणि माझ्या खाटेच्या जागी आता ठेवलेलं धाकट्या भावाचं शिलाई मशीन.

मी खिडकीशी बसून असे. समोर ट्रक. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला बल्बाचा रंग बदललेला दिसला. आदल्या दिवशी तो पिकल्या मोसंबीच्या सालीसारखा होता, आज हळदीकडे झुकला होता. फरक इतका बारीक की दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसता. मी तो रंग किती तरी वेळ नुसता पाहत राहिले. मग माझ्या आतल्या कुठल्याशा कोरड्या कोपऱ्यात हिशेब आपोआप सुटत गेला. ठिपक्याची बॅटरी आधीच थकलेली. बल्ब तिच्यावर एकटीवर. तेराव्यापर्यंत तो असाच जळला तर चौदाव्याला ट्रक सुरू करायला तिच्यात काही उरणार नाही. आणि दोघी मिळूनच चोवीस होतात. एक रिकामी असेल तर दुसरी कितीही भरलेली असून उपयोग नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दिवसांतलं माझं पहिलं वाक्य बहुधा हेच असावं.

"आत्याबाई, दिवा बॅटरी खाऊन राहिलाय. गाडी सुरू नाही व्हायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

"मंग काही नाही. सांगितलं."

उस्ताद चहाला आले होते. आत्याबाईंनी त्यांना विचारलं. ते म्हणाले, रोज अर्धा तास इंजिन चालवलं तर भरेल. पण त्यासाठी त्या जागेवर बसावं लागणार होतं. आत्याबाईंनी नकारार्थी मान हलवली. बॅटरी चार्जिंगच्या दुकानात नेतो, असं ते म्हणाले, तर तेवढा वेळ दिवा विझणार. पुन्हा मान हलली. दीर म्हणाले, ऐन वेळी धक्का मारू. उस्तादांनी अंगणाच्या तोंडाकडे बोट दाखवलं. आमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली होतं, फाटकाशी चढ होता. त्या चढावर ट्रक ढकलणारे लोक जालन्यात सापडले नसते.

"एका दिव्यासाठी गाडी घालवून राह्यलीस, आई," दीर म्हणाले. "इझवा न् मोकळे व्हा."

"तुझा भाऊ हाय त्यो," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी उस्तादांकडे वळून विचारलं, "तेलाचा दिवा मंद होऊन राह्यला की मी काय करते? दुसरी वात आधी पेटवते. ती लागली की मंगच पहिली काढते. उजेड तुटत न्हाई. तुमच्या इजेचं असं न्हाई होत का?"

उस्तादांनी डोकं खाजवलं. त्यांना ते विचित्र वाटलं असावं. मला वाटलं नाही.

"होतं," मी म्हणाले. "दुसऱ्या बॅटरीवर दुसरा बल्ब लावायचा. तो लागला की पहिला काढायचा."

"पण दुसरी बॉडीला न्हाई ना जोडलेली," उस्ताद म्हणाले. "तिच्यावरून होल्डर लावला आन् त्यो लोखंडाला टेकला तर ठिणग्या उडतील, बेटी. तार जळंल."

"टेकू द्यायचा नाही. दोन्ही तारा वेगळ्या न्यायच्या. होल्डरला सायकलची ट्यूब गुंडाळायची." टेप बसवताना यांनी हेच केलं होतं, माझ्यासमोर, आणि ट्यूबचा तुकडा तोंडात धरून गाणंही म्हटलं होतं. हे मी बोलले नाही.

"आज? आत्ता?" दीर म्हणाले. "सुतकात बाई अंगणात पेटी उघडून बसली तर लोक काय म्हणतील?"

"मंग तू कर," आत्याबाई म्हणाल्या. "कोन्ती तार कुठं लावायची, सांग बरं."

दीर विडी ओढायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, आम्ही ते काम केलं. गाडीच्या मीटरमागे लावतात तसला लहानसा बल्ब उस्तादांनी आणला. मीच तो मागितला होता. लहान म्हणजे कमी खाणारा. होल्डरला मी काळी ट्यूब गुंडाळली, वरून सुतळी बांधली. रबराचा वास बोटांना चिकटला. मग झाकण उचललं. चिंच, लोखंड. ठिपक्याचा लाल रंग आम्लाने कडेला खाल्ला होता. मी हात पुढे नेला आणि मध्येच थांबले. कानाने सवयीने वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. मनगटावर काढायला काही नव्हतंच. पाटल्या तिसऱ्याच दिवशी घरातल्या ट्रंकेत गेल्या होत्या आणि बांगड्या त्याआधीच. उघड्या मनगटाला तारेचं तांबं थंड लागलं. त्या दुपारी एवढंच मला लागलं.

एक तार मधल्या पट्टीवर, दुसरी पलीकडच्या बॅटरीच्या शेवटच्या टोकावर. उस्तादांनी पाना फिरवला. केबिनमध्ये, तसबिरीच्या दुसऱ्या बाजूला, लहान बल्ब लागला. पांढरट, तरतरीत.

आत्याबाई पायरीवर उभ्या होत्या. काही क्षण दोन दिवे शेजारी शेजारी होते, एक हळदीचा, एक दुधाचा, आणि खाली पिठाच्या ताटलीत दोन्हींचे दोन ठिपके. त्यांनी हात जोडले. मी जुन्याची तार सोडवली.

"लहान हाय," त्या म्हणाल्या.

"लहान आहे म्हणून टिकेल."

"त्यो टिकला न्हाई," त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

उरलेले दिवस मी खिडकीतून तो पांढरा ठिपका पाहत काढले. त्याचा रंग रोज पाहिला. तो फारसा ढळला नाही. रडणं येईल, असं बायका म्हणत होत्या. ते अमुक वेळी येतंच, आल्यावर मोकळं वाटतं, असं त्या एकमेकींना समजावत. मी वाट पाहिली, पाहुण्याची पाहावी तशी. कुणी आलं नाही. कवितेत शोकाला लय असते असं शिकले होते. इथे फक्त एक स्थिर प्रकाश होता, न हलणारा, न फडफडणारा, आणि त्याच्याकडे पाहताना मीही तशीच.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पंगती उठल्या. दुपार कलल्यावर आत्याबाई मला घेऊन ट्रकपाशी आल्या. तेलाचा दिवा असता तर सोपं होतं. तेल घालायचं थांबवलं की तो आपला आपण शांत होतो, कुणाला काही करावं लागत नाही. हा तसा जाणार नव्हता. हा जाईपर्यंत बॅटरी घेऊन गेला असता.

"कुणीतरी काढायला पायजे," त्या म्हणाल्या. त्यांचा हात पदराआड होता. "माझ्यानं न्हाई होत. तू काढ."

मी तार बॉडीला टेकू न देता बल्बच चिमटीत धरून होल्डरमधून फिरवला. तो गेला. बोटांत काच राहिली, गरम. मी ती तशीच धरून खाली उतरले, आत्याबाईंनी पुढे केलेल्या पिठाच्या ताटलीत ठेवली, आणि संध्याकाळी भांडी घासताना दिसलं की अंगठ्यावर आणि तर्जनीवर फोड आले आहेत. ते कधी आले ते मला कळलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी सकाळी उस्ताद आले. केबिनमध्ये चढण्याआधी त्यांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला. ते यांच्या जागेवर बसले. दीर फाटकाशी उभे होते, हात मागे बांधून. आत्याबाई ओसरीच्या खांबाला धरून. मी खिडकीशी.

उस्तादांनी सेल्फ मारला. आतून एक जड कण्हणं आलं आणि थांबलं. हवेत काही हललं नाही. दिरांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"थांबा जरा," उस्ताद म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. बहुधा गाडीलाच.

दुसऱ्यांदा ते कण्हणं लांबलं. एक फेरी, मध्ये मोकळी जागा, पुन्हा एक फेरी, जशी एखादी ओळ मधल्या विरामाशी, यतीपाशी, अडखळावी. मी मोजत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिसऱ्यांदा फेऱ्या जवळ आल्या, एकमेकींत मिसळल्या, आणि इंजिनने पकड घेतली. अंगण काळ्या धुराने भरलं. खिडकीची काच थरथरली, तिच्यावर टेकलेलं माझं कपाळही.

उस्तादांनी चढ एका दमात घेतला. ट्रक गोदामाकडे वळला. धूर बसल्यावर दीर ओसरीत येऊन चपला काढताना म्हणाले, "मंग... ऱ्हाऊ द्या सध्या." मी राहणार की ट्रक, हे त्यांनी सांगितलं नाही. दोन्हीचा अर्थ एकच होता. आत्याबाईंनी मला चहा टाकायला सांगितलं, आणि मी टाकला.

ट्रक पुढे कितीतरी वर्षं राहिला, उस्तादांनंतर दुसऱ्या ड्रायव्हरकडे. नव्वदीनंतर बाजारात एक लहानशी डबी आली. ती दोन्ही बॅटऱ्यांवरून चोवीस घेई आणि पलीकडून टेपला बारा देई, म्हणजे कुठल्याच बॅटरीवर जास्तीचा भार नको. ड्रायव्हरच्या सांगण्यावरून मी ती बसवली. ती बसल्यावर अमावास्येची अदलाबदल थांबली, आणि महिन्यातला तो एक दिवस माझ्याकडे रिकामा उरला. पण मला सांगायची ती त्याच्या खूप आधीची, ट्रक पुन्हा रस्त्यावर आल्यानंतरची पहिलीच अमावास्या.

ट्रक आदल्या रात्री परतला होता. सकाळी उस्तादांनी तो धुतला, लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी आत होते. मला कुणी बोलावणार नाही, असं धरून चालले होते. शुभकार्याच्या दिवशी आता मला कुणी बोलावत नव्हतं. इतक्यात अंगणातून हाक आली.

"अगं, पाना कुठं ठेवलास? आज अदलाबदल न्हवं का?"

आत्याबाई होत्या. मी पाना घेऊन बाहेर आले. पेटी उघडलेली होती. उस्तादांनी माझ्याकडून पाना घेतला, एक बॅटरी काढून फरशीवर ठेवली आणि दुसरीच्या पट्ट्या ते सैल करू लागले. आत्याबाई उकिडव्या बसून दोन्हींच्या झाकणांकडे आळीपाळीने पाहत होत्या.

"ठिपका पुसत आला," त्या म्हणाल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून माझ्या नखांच्या रंगाची बाटली काढली. ती मी फडताळात, सगळ्यांच्या मागे, डब्यांच्या पलीकडे सारून ठेवली होती. त्यांनी ती कधी शोधली, मला माहीत नाही. "लाव. पुढच्या बारीला वळखू येणार न्हाई."

मी बाटली घेतली नाही.

"लाव की," त्या म्हणाल्या. "सवत हाय म्हणायचा न्हवं त्यो? मला खिडकीतून ऐकू यायचं सगळं."

उस्ताद पट्टीकडे पाहत राहिले. मी बाटलीचं झाकण फिरवलं. रंग घट्ट झाला होता, पण वास तोच होता, नाकात जाऊन डोळ्यांपर्यंत पोचणारा, आणि मी तो मुद्दाम, पुरता, आत घेतला. मग जुन्या, खाल्ल्या गेलेल्या ठिपक्यावर नवा ठिपका दिला. ऊन कोवळं होतं, रंग लवकर सुकेना. उस्ताद बॅटरी उचलायला वाकले, तर आत्याबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. तो वाळेपर्यंत आम्ही दोघी पेटीचं झाकण धरून तशाच बसून राहिलो.